टँक: पाणी, पोलाद आणि पोहण्याचा तलाव

इंग्रजीतला ‘टँक’ मराठी ‘टाके’ या शब्दावरून आला, असे ठासून सांगणारे संदेश अधूनमधून फिरतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. हा शब्द दोन वाटांनी इंग्रजीत शिरला आणि त्या वाटा कुठे मिळाल्या हे आता नेमके दाखवता येत नाही.

पहिली वाट पश्चिम हिंदुस्थानातली. मराठीत टाके, गुजरातीत टांकुं म्हणजे पाणी साठवायचे हौद किंवा कुंड. अहमदाबादच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांतल्या, घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवायचे टांके असे. आपल्याकडे गडांवर ते कातळात खोदलेले असते. त्याचे मूळ काही जण संस्कृत ‘तडाग’मध्ये शोधतात, काही ‘टंक’मध्ये. टंक म्हणजे छिन्नी. पाथरवटाच्या हातातली टाकी, पाट्याला लावतात ती टाकी आणि टाकीने खोदलेले ते टाके, ही सोयरीक ओढूनताणून जमवलेली वाटत नाही. टंकाचा दुसरा अर्थ ठसा मारलेले नाणे, ‘टाकसाळ’ त्यातली.

गडावरचे टाके खोदताना निघालेला दगड तटा-बुरुजांच्या कामी येई, त्यामुळे एका मेहनतीत दोन कामे होत. आत लांबवर खोदत गेले की वरचा कातळ खचू नये म्हणून मध्ये खांब न फोडता ठेवत, तेच खांबटाके. छतामुळे ऊन लागत नाही, म्हणून पाणी कमी आटते आणि शेवाळही कमी धरते. उघडी टाकी बाद होतात ती बहुधा गाळाने. मात्र ‘टाके’ हे या खोदकामाचे सर्वांत जुने नाव नव्हे. नाणेघाट आणि कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. नाणेघाटातल्या एका पोढीवर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान म्हणून नोंद आहे.

दुसरी वाट पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत ‘तांक’ म्हणजे तळे किंवा हौद. तो ‘एस्तांक’चे आखूड रूप, आणि ‘एस्तांकार’ म्हणजे वाहते अडवणे. स्पॅनिशमध्ये पूर्ण रूप अजून वापरात आहे. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या रोजनिशीत कालिकतकडच्या बांधीव तळ्यासाठी हाच शब्द येतो. जहाजे तेव्हा नुकतीच किनाऱ्याला लागली होती, कोकण-गुजरातशी व्यवहार सुरू व्हायचा होता. म्हणजे शब्द पोर्तुगीजांनी घरूनच आणला असावा. पुढे इकडे त्यांना जवळपास त्याच उच्चाराचा, त्याच अर्थाचा शब्द भेटला आणि दोन्ही एकमेकांत मिसळले. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी उचलला तो हा मिसळलेला शब्द. ‘मराठीने इंग्रजीला दिला’ यापेक्षा ‘मराठी-गुजरातीने घडवायला हातभार लावला’ म्हणणे रास्त.

हिंदुस्थानातल्या इंग्रजीत टँक म्हणजे पत्र्याची टाकी नव्हे, तर तलाव. कलकत्त्यात लाल दिघीभोवतीचा चौक टँक स्क्वेअर होता, नंतर डलहौसी स्क्वेअर झाला. मुंबईत सी. पी. टँक आणि गोवालिया टँक ही नावे उरली, पाणी बुजले. ८ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला तेव्हा गोवालिया टँक मैदानच होते. सरकारी कागदांत हा अर्थ अजून जिवंत आहे: ‘पर्कोलेशन टँक’ म्हणजे पाझर तलाव. भाषांतर करणारा घाईत ‘पाझर टाकी’ लिहितो, आणि अर्थ नेमका उलटा होतो. टाकी गळता कामा नये. पाझर तलाव पाझरावा म्हणूनच बांधतात. सिंचनाच्या धरणाचा पायाचा चर अभेद्य थरापर्यंत नेतात, इथे तो मुद्दाम उथळ ठेवतात, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी उतरते.

आता रणगाडा. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्यात, चर्चिल यांच्या पुढाकाराने, ‘लँडशिप्स’ समिती नेमली गेली. जमिनीवरचे जहाज अशीच कल्पना असल्यामुळे हल (सांगाडा), हॅच (झडपेचे दार), टरेट (तोफेचा फिरता बुरूज), स्पॉन्सन (बाजूला काढलेला तोफेचा सज्जा) हे जहाजावरचे शब्द रणगाड्याला चिकटले. इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कारखान्यात पोलादी सांगाडे उभे राहू लागले तेव्हा त्यांना काहीतरी निरुपद्रवी नाव हवे होते. मेसोपोटेमियासाठी (आजचा इराक) पाण्याच्या गाड्या बनत आहेत, अशी हूल उठवली. ‘वॉटर कॅरियर’ची आद्याक्षरे डब्ल्यू. सी., म्हणजे संडास, म्हणून ते नाव बाद झाले असाही एक किस्सा आहे. डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी अर्नेस्ट स्विंटन आणि सहकाऱ्यांनी ‘टँक’ पक्के केले. काही गाड्यांवर रशियन अक्षरांत ‘पेट्रोग्राडकडे (रशियाची तेव्हाची राजधानी), जपून’ असे रंगवलेही होते, गिऱ्हाईक रशिया आहे असे भासवायला.

१५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, फ्लेर-कुर्सलेतपाशी, हे यंत्र पहिल्यांदा उतरले. ४९ गाड्यांपैकी ३२ च सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचल्या. बाकीच्या बिघडल्या किंवा रुतल्या. या पहिल्या नमुन्याचे, मार्क-१ चे, वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचे, वेग ताशी जेमतेम ६ किलोमीटर. आत ८ माणसे, त्यातली ४ नुसती चालवण्यात गुंतलेली. एकदम वळायचे तर गाडी थांबवून, मागच्या दोघांना खुणा करून एका पट्ट्याचा गिअर काढावा लागे. इंजिन आणि माणसे एकाच खणात, मध्ये भिंत नाही. उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसे बेशुद्ध पडत. जर्मनांनी पुढे ‘पांझर’, म्हणजे चिलखत, हे नाव रूढ केले, फ्रेंचांनी ‘शार’, म्हणजे रथ. आपला ‘रणगाडा’ फ्रेंचांच्या जवळचा.

उरलेले बरेच अर्थ अमेरिकेतले. तिथे पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत. त्यात घालायचा पोशाख तो ‘टँक सूट’, त्याच्या कापाचा बिनबाह्यांचा सदरा ‘टँक टॉप’. रणगाड्याशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये मात्र टँक टॉप म्हणजे शर्टावर घालायचा विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, तेव्हा ऑनलाइन मागवताना चित्र बघावे. ठरवून हरणारा मुष्टियोद्धा ‘टँकमध्ये गेला’ म्हणजे पाण्यात बुडी मारली. शेअर ‘टँक’ झाला म्हणतात तो याच कुळातला, त्यामुळे तो वधारला असे समजू नये. ‘थिंक टँक’ हे आधी डोक्यालाच दिलेले गमतीचे नाव होते, संस्थांना ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिकटले.