पावसाने टायरच्या खुणा पुसल्या, म्हणजे जमीन सावरली का?

‘ओसाड रानात गाडी कुठूनही घाला, एका पावसात खुणा जातात’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. डोळ्यांना तसंच दिसतं, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे. पण पावसाने पुसली जाते ती फक्त वरची नक्षी.

चाकाखाली मातीच्या कणांमधल्या पोकळ्या बुजतात. मग पाणी मुरायचं सोडून वाहून जातं, कोवळी मुळं खाली शिरत नाहीत आणि उतारावर चाकोरीची घळ होते. यातली बरीचशी इजा पहिल्या काही फेऱ्यांतच होते. म्हणून गाड्या ठरलेल्या वाटेवरच ठेवतात. खड्डा चुकवायला शेजारून काढलेली नवी वाट जास्त महागात पडते.

कोरड्या प्रदेशात मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. तो चक्क जिवंत असतो! त्यातल्या सूक्ष्म जिवांचे धागे माती बांधून ठेवतात, काही जीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. एकदा चुरला की तो पुन्हा धरायला कित्येक दशकं लागू शकतात. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सराव करणाऱ्या रणगाड्यांचे माग अजूनही दिसतात.

पडताळून पाहायचंय? दोन्ही बाजूंनी उघडा डबा आधी जुन्या चाकोरीत आणि मग शेजारच्या मोकळ्या मातीत थोडा रोवा. दोन्हीकडे सारखंच पाणी ओता, मुरायला लागणारा वेळ मोजा. चाकोरीतलं पाणी बहुधा बराच वेळ तसंच राहील. पापुद्रा असेल तिथे मात्र हा प्रयोग नको, तो पावलांनीही मोडतो.