समुद्राचा हिशोब कागदावर, आणि त्यात खान्देशचं काय

धुळे-जळगावच्या माणसाला समुद्र बघायचा तर सुरत नाहीतर मुंबई गाठावी लागते, मग किनारपट्टीच्या जुन्या दफ्तराशी आपलं काय देणंघेणं असं कोणी विचारलं तर त्याला चूक म्हणता येणार नाही. पण तापी आपल्याकडून वाहत जाऊन सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते आणि जुन्या काळी आपला मालही त्याच दिशेने जायचा, कापूस, कापड, नीळ, सगळं. बऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा रस्ता नंदुरबार-नवापूरवरून होता, आणि ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात त्या रस्त्याने गेला तेव्हा नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून गेलाय! धरणगावात १६७४ ला इंग्रजांनी वखार टाकली होती. तिची माहिती धरणगावात शोधून फारसा उपयोग नाही, ती सुरतेच्या वखारीच्या कागदांत शोधायची, आणि सुरत वखारीच्या डायऱ्या आता मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. म्हणजे आपला इतिहास बंदरावरच्या कारकुनाने लिहून ठेवलाय.

आता गंमत अशी की हे कागद ज्या कामासाठी लिहिले गेले ते काम कधीच संपलं. जकात वसूल झाली, जहाज गेलं, साहेब मेला. आणि आज तेच कागद कोण वाचतंय तर हवामानवाले, भूकंपवाले, अंतराळवाले. लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

सगळ्यात साधं उदाहरण भरती-ओहोटीचं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जाते, एवढी लांब नोंद आशियात फार कमी ठिकाणी आहे. यंत्र म्हणाल तर एकदम गावठी डोकं, एक उभी नळी समुद्रात सोडलेली, तिला खाली बारीक भोक, त्यामुळे लाटांची उसळी आत येत नाही फक्त पाणी सावकाश वरखाली होतं, त्यावर तरंगता गोळा, गोळ्याला तार, तारेला पेन, आणि घड्याळावर फिरणाऱ्या ड्रमवर कागद. पेन दिवसभर वळणं काढत राहतं. हे सगळं कशासाठी तर जहाजांना भरतीचं वेळापत्रक छापून द्यायला. पण शंभर-सव्वाशे वर्षांची वळणं एकापुढे एक ठेवली की दिसतं की पातळीच हळूहळू वर सरकतेय, मुंबईला त्या लांब काळात वर्षाला साधारण पाऊण मिलीमीटर, आणि अलीकडे उपग्रहांनी मोजलेली जगाची सरासरी ३ मिलीमीटरच्या वर. पाऊण मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? दहा वर्षांच्या नोंदीत ते सापडणारच नाही, वाऱ्यापावसाच्या चढउतारात बुडून जाईल. शंभर वर्षं लागतात, आणि मधली वर्षं कोणी रद्दीत दिली तर झालं मग.

या यंत्रांच्या कागदांवर अजून एक गोष्ट निघाली. ३१ डिसेंबर १८८१ ला कार निकोबारजवळ भूकंप होऊन त्सुनामी आली, ती लहानच होती, पण बंगालच्या उपसागराच्या काठावरच्या यंत्रांनी तिची वळणं टिपली. २००३ मध्ये संशोधकांनी ती जुनी वळणं घेऊन उलटा हिशोब केला, लाट कुठे किती वाजता पोचली यावरून समुद्राच्या तळाचा किती भाग सरकला असेल ते काढलं, भूकंप ७.९ च्या आसपासचा निघाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, त्याच पट्ट्यात ती मोठी त्सुनामी आली.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कुलाब्याचं आहे. कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून घेतल्या जायच्या, माणूस दुर्बिणीतून बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी चुंबकसुईचा आकडा एकदम खाली आला. तिकडे युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली होती, ऑपरेटरना शॉक बसत होते, कारण सूर्यावरून निघालेलं वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. त्या वेळी बऱ्याच ठिकाणच्या यंत्रांचा काटा कागदाबाहेर गेला त्यामुळे वादळ किती मोठं ते कळेना. कुलाब्याच्या माणसाने मात्र नेहमी तासाला एकदा घ्यायचा आकडा त्या दिवशी दर काही मिनिटांनी घेतला. १४४ वर्षांनी त्या वहीतून हिशोब निघाला की चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्ला (हे चुंबकत्व मोजायचं माप) पडलं होतं. आज उपग्रह आणि वीज ग्रिड कितीपर्यंत टिकले पाहिजेत याची चर्चा होते तेव्हा हा आकडा पुढे येतो. नाव माहीत नसलेला एक कारकून, काय भो! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून सुईला त्रास नको, तर १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागला नेली, आणि इमारत बांधताना लोखंड टाळलं. अलिबागला गेलात तर बीचवर भेळ खाऊन परत येऊ नका, तिच्याकडे पण बघा.

दफ्तराचा एक उलटा उपयोगही असतो, जे झालंच नाही ते दाखवायचा. जून १८८२ मध्ये मुंबईवर चक्रीवादळ आलं आणि लाख माणसं मेली असं बऱ्याच याद्यांमध्ये छापून आलंय, इंटरनेटवर तर आहेच आहे. आता १८८१ च्या जनगणनेत मुंबई होती पावणेआठ लाखांची. म्हणजे दर आठांतला एक माणूस गेला आणि त्या काळच्या वर्तमानपत्रात, सरकारी अहवालात, हवामानाच्या नोंदीत त्याचा पत्ता नाही? अपोलो बंदराचं यंत्र तेव्हा चालू होतं, कुलाब्याला हवेचा दाब रोज मोजला जात होता. शोधणाऱ्यांनी शोधलं, काहीच निघालं नाही, हे वादळ बहुतेक झालंच नाही असं आता मानतात. १८५४ च्या नोव्हेंबरातलं वादळ मात्र खरं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं की मला हे १८८२ आठवतं.

कोकणातले मोडी कागद वेगळ्या प्रकारचे. खाडीच्या काठाला बांध घालून खाऱ्या जमिनीतून भातशेत काढायचं, मग सारा इतकी वर्षं माफ, बांध कोणी सांभाळायचा, फुटला तर कोणी भरायचा, असल्या व्यवहाराचे कागद असतात, पेणकडे याला शिलोत्री म्हणायचे. वाचायला अगदी कंटाळवाणे. पण कुठला बांध कुठे होता कळलं की त्या वर्षी भरतीचं पाणी कुठपर्यंत येत होतं तेही कळतं. तिकडे गोव्यात पोर्तुगीजांनी १५९५ लाच अभिलेखागार काढलं, आणि लिस्बनहून मान्सूनच्या जहाजांनी येणाऱ्या पत्रांची बाडं वेगळी लावली, त्यांचं नावच मान्सूनची पुस्तकं. जहाजांच्या रोजनिशीत रोज वाऱ्याची दिशा लिहिलेली असते, हवामानवाले त्यावरून पाऊस कुठल्या वर्षी लवकर आला कुठल्या वर्षी लांबला ते काढतात.

आता मुद्द्याचं, हे कागद टिकतात कसे. किनाऱ्यावर नुसती ओल असती तर एक वेळ चाललं असतं, हवेत मीठ पण असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता ७५ च्या वरच. म्हणजे कागदावर मिठाचा बारीक थर बसला की तो कागद पूर्ण वाळतच नाही, मग बुरशी, मग कसर, मग वाळवी.

शाईचं वेगळंच. मोडी लिहिणारे दिव्याची काजळी आणि डिंक घोटून शाई करायचे. काजळी म्हणजे कार्बन, तिला हवेने उजेडाने काही होत नाही, दोनशे वर्षांनी पण कुळकुळीत, फक्त पाणी पडलं की डिंक सुटून पसरते. कंपनीचे साहेब वापरायचे ती शाई मायफळ आणि हिराकसाची, हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, ती कागदाच्या आत मुरते, पुसली जात नाही म्हणून कायदेशीर कागदाला पसंत, पण तिच्यात गंधकाचं आम्ल तयार होतं आणि उरलेलं लोखंड कागदाचा सेल्युलोज तोडत राहतं. काही पानांवर अक्षरांच्या जागी नुसत्या खिडक्या उरल्यात. म्हणजे काजळीची स्वस्त शाई टिकाऊ निघाली.

कागदाचं म्हणाल तर इथे खान्देश परत येतो. एरंडोल आणि यावल ही हातकागदाची गावं होती, जुन्या गॅझेटियरात दोन्हींचा उल्लेख आहे. हातकागदाचा धागा लांब असतो, त्यात गिरणीच्या कागदासारखी तुरटी टाकलेली नसते, म्हणून आम्ल कमी. आजोबांच्या काळातलं वर्तमानपत्र हाताला लागलं तर तुकडे होतात आणि त्याच्या शंभर वर्षं आधीचा मोडी कागद मजेत घडी होतो, त्याचं कारण हेच. आमची कोरडी हवा बुरशीला बरी नाही हा फायदा, पण मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत कागद ठिसूळ होतो आणि जूनमध्ये एकदम ओल चढते, हा ताण वाईट. जुने लोक कागद रुमालात, म्हणजे सुती फडक्यात बांधून ठेवायचे, सोबत वेखंड. फडकं ओल हळूहळू आत घेतं, हळूहळू सोडतं.

धुळ्याला आपल्याकडे राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले आणि पुढच्या वर्षी मंडळ निघालं. ते कागद गोळा करायला गावोगाव फिरले होते, त्यात किनाऱ्यावरचं पण आलं.

तुमच्या घरी माळ्यावर असला रुमाल असेल तर लॅमिनेशन अजिबात करू नका, ते प्लास्टिक परत निघत नाही आणि आतला कागद आतच खराब होतो. सेलोटेप पण नको, त्याचा गोंद पिवळा डाग सोडतो. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा, भिंतीला टेकवून ठेवू नका. मोबाईलने फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू पण काढा, कोरी दिसली तरी, कारण कधीकधी शिक्का तिथेच असतो. मग मोडी वाचणारं कोणी गाठा.