रिटायर झालेलं फायटर विमान गावच्या म्युझियमला हवंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा (अमेरिकेतल्या मंडळींसाठी)

इथे अमेरिकेत आपल्यातले काही जण गावच्या छोट्या म्युझियमच्या कमिटीवर असतात, आणि कधी ना कधी कोणीतरी टूम काढतंच की अ‍ॅरिझोनात टूसॉनला एवढी जुनी विमानं पडून आहेत, एखादं आणूया की आपल्याकडे. डेव्हिस-मॉन्थन या एअर फोर्स बेसवरचं ते यार्ड जवळपास 2,600 एकरांचं आहे, हवा कोरडी आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न टाकता विमानं तशीच उभी करता येतात. पण पडून आहेत म्हणजे बेवारस आहेत असं नाही हो. कितीतरी विमानांचे पार्ट काढून चालू विमानांना लावतात, काही पुन्हा उडवायला राखून ठेवलेली असतात, जुन्या एफ-16 ची बिनपायलटची टार्गेट विमानं केलीत, उरलेली भंगारात. एफ-14 तर विसराच. 2006 मध्ये अमेरिकन नेव्हीतून रिटायर झाली आणि पार्ट इराणच्या हाती लागतील या धास्तीने (त्यांच्याकडे शहाच्या काळात घेतलेली हीच विमानं आहेत) बरीचशी मशीनमध्ये घालून चक्क चुरा केली.

एअर फोर्सची विमानं डिस्प्लेसाठी ओहायोत डेटनजवळच्या त्यांच्या नॅशनल म्युझियममार्फत लोनवर मिळतात. नेव्हीचं हवं असेल तर नेव्हीकडे विचारा.

कोणाला देता येतं ते कायद्यातच लिहिलंय, अमेरिकेच्या कायदेसंहितेत टायटल 10, सेक्शन 2572. शहर, काउंटी, अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनेचं पोस्ट, सरकारी म्युझियम, वगैरे. एकट्यादुकट्याला नाही, हॉटेलवाल्याला नाही, आणि आपलं महाराष्ट्र मंडळ नॉन-प्रॉफिट असलं तरी ते म्युझियम नाही, तेव्हा तोही नाद सोडा.

खासगी म्युझियमवाल्यांची गाडी हमखास अडते ती चार्टरवर, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या कागदावर. लोक 501सी3 चं, म्हणजे नॉन-प्रॉफिटला टॅक्स माफ असल्याचं पत्र जोडतात आणि काम झालं समजतात. ते पत्र टॅक्सपुरतं. कायद्याला काय हवंय, तर म्युझियम फक्त शिक्षणासाठी चालतं आणि नफ्यासाठी चालवायचा अधिकारच त्याला नाही, हे संस्थेच्या स्थापनेच्या कागदात दिसायला हवं. वीस-तीस वर्षांपूर्वी कोणीतरी छापील फॉर्म भरून संस्था रजिस्टर केलेली असते, त्यात "कोणताही कायदेशीर उद्देश" एवढंच असतं, आणि मूळ कागद कुठल्या खोक्यात आहे ते कोणालाच माहीत नसतं. आधी राज्याच्या ऑफिसातून सर्टिफाइड कॉपी काढा, ते वाक्य नसेल तर बोर्डाचा ठराव करून दुरुस्ती फाइल करा, मग अर्जाला हात लावा. हे कोणी आपणहून सांगत नाही, नंतर फाइल परत येते तेव्हा कळतं.

दुसरं, "फुकट" या शब्दाला भुलू नका. सरकारचा एक डॉलरही खर्च होता कामा नये अशी अटच आहे. म्हणजे विमान सुटं करणं, ट्रेलर, क्रेन, फाउंडेशन सगळं तुमच्या खिशातून. हायवेवर स्पेशल परमिटशिवाय साडेआठ फुटांपर्यंतच रुंद लोड चालतो आणि एफ-4 या फायटरचे पंख टोकापासून टोकापर्यंत आहेत 38 फूट, पंख काढले तरी उरलेला सांगाडा काही छोटा नसतो. तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याचं लेखी कोटेशन आणि बँकेत तेवढे पैसे असल्याचा कागद आधी हातात ठेवा, "डोनेशन येईल" या भरवशावर राहू नका.

विमान मिळाल्यावरही मालकी एअर फोर्सचीच राहते. उडवायचं नाही, विकायचं नाही, पार्ट अदलाबदल करायचे नाहीत. आणि दरवर्षी फोटोंसकट रिपोर्ट द्यायचा असतो. लोक हे एकदाच करायचं काम समजतात, दुसऱ्या वर्षी गप्प बसतात. रंग उडालेला, टायर बसलेले, इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या तोंडात) पक्ष्यांची घरटी, असले फोटो गेले तर विमान परत घेऊ शकतात, त्यामुळे रंगाचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. बहुतेक वेळा होतं काय, अर्जावर ज्यांचा ईमेल तेच गृहस्थ कमिटी सोडून जातात आणि रिपोर्टची आठवण करून देणारं पत्र त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतं. म्हणून ईमेल संस्थेचा द्या आणि पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा.

भारतातल्या म्युझियमसाठी विचारणाऱ्यांना एवढंच, कायद्यात परदेशी म्युझियम बसतं, पण लष्करी सामान देशाबाहेर न्यायची परवानगी आणि जहाजाचं भाडं हे प्रकरण वेगळंच आहे.