कम्युनिटी कॉलेजातील भौतिकी अध्ययन

अमेरिकेत दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात (कम्युनिटी कॉलेजात) पदवीच्या पूर्वार्धाची भौतिकी पूर्ण करून उत्तरार्धासाठी विद्यापीठात प्रवेश घेण्याची पद्धती. भारतात याच नावाने चालणाऱ्या संस्था मुख्यतः कौशल्यशिक्षणाच्या असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.

आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक संस्थांत इलिनॉयमधील जोलिएट ज्युनिअर कॉलेज (१९०१) सर्वांत जुने मानले जाते. त्याचे श्रेय शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर व जोलिएट येथील शाळाप्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांना देतात. मात्र १९०१ च्या सुमारास तेथे होते ते माध्यमिक शाळेला जोडलेले वाढीव वर्ग. स्वतंत्र महाविद्यालयाचे रूप सावकाश आले. शिकागोची लुइस इन्स्टिट्यूट (१८९६) त्याआधीची, पण खासगी होती. कायद्याचा आधार हा निकष लावल्यास माध्यमिक शाळांना असे वाढीव वर्ग चालवण्याची मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा १९०७ चा अधिनियम पुढे येतो. सार्वजनिक स्वरूप व अखंड परंपरा या दोन्ही कसोट्यांवर जोलिएटचा दावा अधिक टिकतो.

भौतिकीचे अभ्यासक्रम साधारणतः तीन पातळ्यांवर असतात : संकल्पनात्मक, बीजगणित-त्रिकोणमितीवर आधारलेला आणि कलनाधिष्ठित (कलन म्हणजे कॅल्क्युलस). भौतिकी वा अभियांत्रिकीच्या पदवीसाठी तिसराच उपयोगी पडतो. दुसरा जीवशास्त्र व वैद्यकपूर्व विद्यार्थ्यांसाठी असतो. तो घेतलेल्याला यामिकी (बल व गती यांचे शास्त्र) बहुधा पुन्हा करावी लागते. कलनाधिष्ठित मालिका दोन किंवा तीन सत्रांची असून प्रत्येक अभ्यासक्रम प्रयोगशाळेसह ४-५ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो. कम्युनिटी कॉलेजातील दोन वर्षांच्या सहपदवीला (असोसिएट डिग्री) सुमारे ६०, तर पदवीला सुमारे १२० श्रेयांक लागतात.

अडचण भौतिकीत कमी, गणिताच्या साखळीत अधिक असते. पहिल्या यामिकीपूर्वी किंवा तिच्याबरोबर कलन-१ हवे. पुढे कलन-२, कलन-३, रैखिक बीजगणित व अवकल समीकरणे येतात. कलनपूर्व गणितापासून आरंभ करणाऱ्याचे दोन वर्षांत आटोपणे कठीण. लहान कॉलेजात मालिकेचा शेवटचा भाग वर्षातून एकदाच असतो आणि विद्यार्थी पुरेसे नसल्यास रद्दही होतो.

मालिका मध्येच सोडून कॉलेज बदलणे नुकसानीचे ठरते. ऊष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) एका कॉलेजात पहिल्या सत्रात, तर दुसऱ्यात तिसऱ्या सत्रात असू शकते. परिणामी एक घटक दोनदा होतो आणि प्रकाशकी सुटून जाते. म्हणून संपूर्ण मालिका एकाच ठिकाणी पुरी करावी. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज व विद्यापीठाची जोडी निवडून विषयनिहाय समकक्षता पाहता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ शाखांपैकी सहांत अटींसह प्रवेशहमीची सोय आहे. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथे ती नाही. पुंज (क्वांटम) यामिकी, सांख्यिकीय यामिकी व प्रगत विद्युत्‌चुंबकत्व विद्यापीठातच शिकवले जाते. त्यामुळे विद्यापीठात गेल्यानंतरचे पहिले सत्र बहुतेकांना जड जाते.

भौतिकीची सहपदवी हे स्वतंत्र व्यवसायपात्रतेचे प्रमाणपत्र नव्हे, पदवीकडे नेणारा टप्पा आहे. दोन वर्षांतच नोकरी हवी असल्यास इलेक्ट्रॉनिकी, लेसर-प्रकाशकी किंवा क्ष-किरण तंत्रज्ञाचे निराळे अभ्यासक्रम असतात. रॉचेस्टर (न्यूयॉर्क) येथील मन्रो कम्युनिटी कॉलेजातील प्रकाशकी हे त्याचे उदाहरण. पदवीनंतर संगणन, उपकरणनिर्मिती, अभियांत्रिकी व शालेय अध्यापन हे मार्ग खुले होतात. सरकारी शाळांतील अध्यापनास सामान्यतः राज्याचा परवाना लागतो. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाला किमान पदव्युत्तर पदवी व त्यानंतर निवासी प्रशिक्षण (रेसिडेन्सी) आवश्यक असते. कम्युनिटी कॉलेजात भौतिकी शिकवण्यास बहुधा पदव्युत्तर पदवी पुरते, डॉक्टरेट लागत नाही.