लांगा आणि जो स्लोव्हो: शेजारची झोपडपट्टी आली कुठून?

केपटाऊनच्या एअरपोर्टवरून शहरात जाताना एन२ हायवेला अगदी खेटून जो स्लोव्हो वस्ती लागते, आणि तिच्याच पाठीला लांगा, काळ्या लोकांची जुनी वस्ती. बऱ्याच जणांना वाटतं की लांगा जुनं, आणि नंतर बाहेरून कुणीतरी येऊन शेजारची जागा बळकावली. खरं तर ही माणसं त्या लांगाच्याच पोटातून बाहेर आलीत.

सुरुवात १९०१ च्या प्लेगपासून. मुंबईत १८९६ ला आलेली तीच साथ जगभर फिरत होती, ती केपटाऊनला पोचली आणि सरकारने सगळा ठपका काळ्या कामगारांवर ठेवून त्यांना शहराबाहेर नडाबेनीला हलवलं. मग काळ्यांना शहरात वेगळ्या वस्तीतच ठेवायचा १९२३ चा कायदा आला आणि १९२७ ला लांगा उभं राहिलं, नाव रॉबेन बेटावर कैद भोगलेल्या लांगालिबालेले या राजावरून. गोदीत, कारखान्यात राबायला पुरुष हवे होते, त्यांची बायकामुलं नको होती. म्हणून हॉस्टेलं बांधली, आणि पास, म्हणजे शहरात राहायचा सरकारी परवाना, नसेल तर सरळ अटक. १९६० च्या मार्चमध्ये याच पासविरुद्ध लांगात लोक उठले, गोळीबार झाला, आणि ३० तारखेला फिलिप कगोसाना नावाच्या तरुण विद्यार्थ्यामागे जवळजवळ तीस हजार माणसं शहरात चालत गेली.

पासचे कायदे गेले १९८६ ला. गावाकडून बायका-पोरं आली, पण खोल्या तेवढ्याच! एका कॉटवर अख्खा संसार, भांडी-ट्रंक कॉटखाली, मधे पडदा, आणि पलीकडच्या कॉटवर दुसरं कुटुंब. किती दिवस काढणार असे? म्हणून नव्वदच्या सुरुवातीला लोकांनी शेजारच्या मोकळ्या जागेत लाकूड-पत्रे उभे केले, आणि पुढे वस्तीला नाव मिळालं मंडेलांच्या पहिल्या गृहनिर्माण मंत्र्याचं, जो स्लोव्होचं.

जानेवारी २००५ च्या आगीत सुमारे १२ हजार लोक बेघर झाले. त्याच सुमाराला एन२ गेटवे हा सरकारी घरबांधणीचा प्रोजेक्ट आला, पहिल्या टप्प्यातल्या फ्लॅटचं भाडं सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि उरलेल्यांना म्हणे लांब डेल्फ्टला जा, म्हणजे रोजच्या कामाला जायचा खर्च आणखी वाढणार. २००७ मध्ये लोकांनी हायवे अडवला, मला त्यात काही चूक वाटत नाही. घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये हलवायला परवानगी दिली, पण नवी ७० टक्के घरं इथल्याच लोकांना द्यायची या अटीवर. हलवणं काही झालं नाही, २०११ मध्ये कोर्टाने तो आदेशच मागे घेतला, आणि लोक राहिले तिथेच, लांगाला खेटून.