प्रथिनाचा अमिनो आम्लक्रम : नमुना पाठवण्यापूर्वी हे वाचा

एडमन पद्धतीत प्रथिनाची साखळी एन-टोकापासून (मोकळा अमिनो गट असलेल्या टोकापासून) एकेक अमिनो आम्ल सोडवत वाचली जाते. फ्रेडरिक सँगर यांच्या अभिकारकाने (जोडल्या जाणाऱ्या रसायनाने) टोकाचे अमिनो आम्ल ओळखता येई, पण त्यासाठी सगळी साखळी आम्लात तोडावी लागे. पेर एडमन यांनी 1950 मध्ये मांडलेल्या क्रियेत उरलेली साखळी शाबूत राहते, म्हणून तीच क्रिया पुन्हा पुन्हा करता येते.

एका चक्रात काय घडते? अल्कधर्मी माध्यमात फिनाइल आयसोथायोसायनेट टोकाच्या मोकळ्या अमिनो गटाला जोडले जाते. मग निर्जल ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल फक्त पहिला बंध तोडते. इथे पाणी असेल तर आतले बंधही तुटू लागतात, म्हणून ‘निर्जल’ या शब्दाला महत्त्व आहे. सुटलेले अस्थिर संयुग द्रावकाने वेगळे काढून 25 टक्के जलीय आम्लात स्थिर पीटीएच (फिनाइलथायोहायडँटॉइन) रूपात आणले जाते आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) 269 नॅनोमीटर तरंगलांबीला ओळखले जाते. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वस्तुमान सारखेच असल्याने नेहमीच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत त्यांची गल्लत होते. इथे दोघांची शिखरे वेगळी दिसतात.

किती आम्ले वाचता येतील? प्रत्येक चक्राचा उतारा (क्रिया पूर्ण झालेल्या साखळ्यांचे प्रमाण) 95 टक्के धरला, तर 20 चक्रांनंतर 36 टक्के आणि 30 नंतर जेमतेम 21 टक्के साखळ्या तालात उरतात. मागे पडलेल्या साखळ्या पुढच्या चक्रात आधीचेच आम्ल दाखवतात. प्रोलिनचा बंध हळू तुटतो, त्यामुळे त्याच्यानंतर ही गडबड हमखास वाढते. ‘पूर्ण प्रथिन एका दमात वाचून द्या’ ही मागणी म्हणूनच पुरी होत नाही. पुढचा भाग हवा असेल तर आधी तुकडे करावे लागतात. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिननंतर तोडते, ट्रिप्सिन लायसिन व आर्जिनिननंतर. तुकडे वेगळे करून प्रत्येक स्वतंत्र वाचायचा, आणि क्रम जुळवण्यासाठी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तोडलेले, एकमेकांवर येणारे तुकडे लागतात.

नमुना 50 पिकोमोल असावा. 30 किलोडाल्टनच्या प्रथिनासाठी हे 1.5 मायक्रोग्रॅम होते. प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलवरून पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पडद्यावर उतरवून पाठवणे सर्वांत सोयीचे. नायट्रोसेल्युलोज नको, ते यंत्रातल्या द्रावकांत टिकत नाही. ब्लॉटिंगसाठी, म्हणजे असे उतरवण्यासाठी, 10 टक्के मिथेनॉल घातलेला 10 मिलीमोलर कॅप्स बफर, पीएच 11, वापरा. ट्रिस-ग्लायसिन बफर वापरलाच, तर पडदा पाण्याने भरपूर वेळा धुवा. नाहीतर पहिल्या चक्रांत ग्लायसिनचे शिखर बाकी सगळे झाकून टाकते. रंगासाठी कूमासी किंवा पाँसो एस चालते. ब्लॉकिंगसाठी (पडद्यावरची रिकामी जागा झाकण्यासाठी) दूध किंवा अल्ब्युमिन मुळीच लावू नका, तीही प्रथिनेच आहेत आणि तीच वाचली जातील.

सर्वांत जास्त निराशा होते ती बंद टोकामुळे. टोकाचा अमिनो गट अ‍ॅसिटिल झालेला असला, किंवा टोकाच्या ग्लुटामिनचे पायरोग्लुटामेट झाले असले, तर पहिली पायरीच होत नाही आणि पडद्यावरचा प्रथिनाचा पट्टा कितीही ठळक असला तरी कोरा निकाल येतो. काही वेळा हा दोष तयारीत शिरतो: युरियाचे द्रावण तापवले की सायनेट तयार होऊन टोक बंद करते. युरिया ताजा वापरा, तापवू नका.

निकालात रिकामी जागा दिसली म्हणजे यंत्र चुकले असे नाही. तिथे बहुधा सिस्टीन असते. ते आधी क्षपण (रिडक्शन) करून अल्किलित केले (अल्किल गट जोडला) तरच खात्रीने दिसते. साखर जोडलेले अस्पॅराजिनही असेच निसटते. सेरिन आणि थ्रिओनिनचा काही भाग क्रियेत नष्ट होतो, म्हणून त्यांची शिखरे बुटकी येतात. अशा जागी अंदाज न लिहिता आम्ही ‘एक्स’ लिहितो. त्या आम्लाबद्दल काही ठाऊक असेल, तर नमुन्यासोबत जरूर कळवा.