माल्ट्याचा व्हिसा असला तर आधी माल्ट्यातच उतरावं लागतं?

‘ज्या देशानं शेंगेन व्हिसा दिला, त्याच देशात पहिलं पाऊल ठेवा, नाहीतर विमानतळावरून परत पाठवतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसा नियम नाही.

माल्टा 2007 पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहे. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे गेलात, तर प्रवेशाची नोंद फ्रँकफर्टलाच होते आणि पुढचं विमान देशांतर्गत प्रवासासारखं असतं. मेसेज खरा असता, तर या मार्गानं माल्ट्याला कुणी पोहोचलंच नसतं!

गैरसमज व्हायला कारणही आहे. अर्ज सर्वाधिक मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखेच असतील, तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्जाची ही अट प्रवासाची अट समजली गेली.

पडताळायचं तर व्हिसाच्या स्टिकरवरची ‘कुठे वैध’ ही ओळ वाचा. तिथे ‘शेंगेन स्टेट्स’ असेल तर त्यातल्या कुठल्याही देशातून शिरता येतं. ठरावीक देशच लिहिले असतील तर तेवढेच. माल्ट्यातल्या हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मात्र हाताशी ठेवा, अधिकारी ते विचारू शकतात. आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर मध्येच लंडनची चक्कर नको; लंडन शेंगेनबाहेर आहे, त्यामुळे पुन्हा आत शिरता येणार नाही.